कालवा पनामात रुंद झाला, पूल न्यू जर्सीत उचलावा लागला

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना माझे जे शंभरेक ‘ॲक्च्युअली’ होतात, ते काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय थोडा लांबचा आहे, अगदी पनामाचा. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, कारण ती चूक झाली नसती तर मी या विषयाच्या वाटेला गेलोच नसतो.

मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होतो. आमचं सॉफ्टवेअर धान्य नेणारी जहाजं बंदरात कधी पोचतील याचा अंदाज द्यायचं. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून मका, सोयाबीन भरायचं, पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरायचं आणि आशिया गाठायचा, हा नेहमीचा रस्ता. त्या कोडमध्ये कालव्यासाठी मी एक ओळ लिहिली होती: 10 तास पार व्हायला, वर एक दिवस वाट बघायला. आकडा थेट कोडमध्ये, हार्डकोड. रिव्ह्यूमध्ये कुणी विचारलं नाही आणि मलाही शंका आली नाही. 1914 पासून चालू असलेला कालवा, त्यात काय बदलणार?

2023 च्या ऑगस्टमध्ये कालव्याच्या दोन्ही तोंडांशी मिळून दीडशेहून जास्त जहाजं रांगेत उभी होती. आगाऊ बुकिंग नसलेल्या जहाजांना दिवसच्या दिवस थांबावं लागत होतं आणि आमचा डॅशबोर्ड मस्तपैकी हिरवा दाखवत होता. ग्राहकाचा फोन आला तेव्हा मी आधी त्यालाच म्हणालो, तुमचा डेटा चुकीचा असेल. असो.

मग वाचायला बसलो. कालव्याचं सात वर्षांपूर्वीच मोठं रुंदीकरण झालं होतं, मग तरी ही रांग कशी, हा माझा प्रश्न होता.

आधी पनामा कालवा म्हणजे काय ते बघू. जमीन खणून सरळ समुद्राचं पाणी आणलंय असं नाही, तसं सुएझला आहे. पनामात मध्ये गातून नावाचं मोठं तळं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 26 मीटर उंचावर. चाग्रेस नदीवर धरण बांधून ते तयार केलं. जहाज लॉकच्या हौदांमधून पायरी-पायरीने वर चढवतात, तळ्यातून नेतात आणि पलीकडे पुन्हा पायऱ्यांनी उतरवतात. जहाज उचलणारं यंत्र कुठलंही नाही, तळ्यातलं गोडं पाणी वरून सोडतात आणि त्या पाण्यावर जहाज उचललं जातं. मग ते पाणी समुद्रात जातं. जुन्या लॉकमधून एक जहाज पार व्हायला साधारण 20 कोटी लिटर गोडं पाणी लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, आपण परत येणार आहोत.

जुने लॉक 33.5 मीटर रुंद. त्यामुळे जगभर जहाजं बांधणारे शंभर वर्षं या मापाला धरून जहाजं बांधत आले. त्या मापाचं नावच पनामॅक्स. कंटेनरच्या हिशेबात सांगायचं तर वीस फुटी डबे साडेचार-पाच हजार. मग जहाजं मोठी होत गेली आणि पनामाच्या लोकांना दिसलं की धंदा हातातून जाईल. 2006 मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं, तीन चतुर्थांशांहून जास्त मतं बाजूने पडली. शताब्दीला, म्हणजे 2014 ला, काम संपवायचं होतं. खर्चावरून भांडणं झाली, काँक्रीटच्या अडचणी झाल्या आणि अखेर 26 जून 2016 ला नवे लॉक उघडले. 55 मीटर रुंद, 427 मीटर लांब. आता तेरा-चौदा हजार डब्यांचं जहाज जाऊ शकत होतं.

आता जे सॉफ्टवेअरवाले ऐकतायत त्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. सिस्टिममधली एक अडचण काढली की अडचण संपत नाही, ती पुढच्या सर्व्हरवर जाऊन बसते.

इथे ती साडेतीन हजार किलोमीटर दूर न्यूयॉर्कला जाऊन बसली. न्यूयॉर्क-न्यू जर्सीची मुख्य टर्मिनलं नेवार्क आणि एलिझाबेथला आहेत आणि तिथे जाताना बेयॉन पूल लागतो. 1931 चा, पोलादी कमानीचा. त्याखाली मोकळी उंची साधारण 46 मीटर. कालव्यातून मावणारं नवं जहाज पुलाखालून मावेना! मग काय केलं, तर कमान तशीच ठेवली आणि तिच्या आतला रस्ता वर उचलला, साडेपासष्ट मीटरपर्यंत. पूल पाडून नवा बांधला नाही. मला हे काम फार आवडतं, चालू सिस्टिममध्ये स्कीमा बदलण्यासारखं. दीड अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला. 2017 च्या सप्टेंबरमध्ये चौदा हजारांहून जास्त डब्यांचं पहिलं जहाज त्याखालून गेलं.

हे एका बंदराचं झालं. मायामीने तळ खोल केला, चार्ल्स्टनने केला. सव्हाना तर समुद्रापासून तीसेक किलोमीटर आत, नदीकाठी आहे. त्यांनी जहाजांची वाट 42 फुटांवरून 47 फूट केली आणि त्याला 2022 उजाडलं. त्या पाच फुटांची गोष्ट ऐका. नदी खोल केली की समुद्राचं खारं पाणी आणखी आत शिरतं आणि तळाशी ऑक्सिजन कमी होतो. म्हणून तिथे यंत्रं बसवली, जी नदीचं पाणी उचलतात, त्यात ऑक्सिजन मिसळतात आणि पाणी परत सोडतात. नदीला सलाईनच म्हणा. शिवाय गाळात अमेरिकी यादवी युद्धातली एक चिलखती युद्धनौका रुतलेली होती, ‘सीएसएस जॉर्जिया’. तीही पुरातत्त्ववाल्यांनी तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढली.

प्रत्येक बंदराने हा पैसा काढला तो याच आशेवर की मोठं जहाज आपल्याकडेच थांबेल. पण मोठं जहाज परवडतं ते थोडक्या ठिकाणी थांबून. कुठे थांबायचं ते जहाज कंपनी ठरवते आणि उद्या बदलू शकते. बंदराने खणलेला तळ मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आशियाचा माल लॉस एंजेलिसऐवजी पूर्व किनाऱ्यावर जास्त यायला लागला हे खरं. पण 2014-15 ला पश्चिम किनाऱ्यावर कामगार-मालक वादात बंदरं जवळपास अडकली होती, त्याचाही त्यात वाटा आहे. सगळं श्रेय कालव्याला देणाऱ्या ब्रोशरांवर मी विश्वास ठेवत नाही.

कॅरिबियनमध्ये तर अजून गंमत. आपल्याकडचे बरेच डबे कोलंबोला जाऊन मोठ्या जहाजावर चढतात, तसाच धंदा तिकडे किंग्स्टन, कार्ताहेना, कोलोन करतात. किंग्स्टनचं टर्मिनल 2016 मध्ये फ्रेंच कंपनी सीएमए सीजीएमने 30 वर्षांसाठी घेतलं. स्वतःची जहाजं असलेली कंपनीच टर्मिनल चालवतेय म्हटल्यावर जहाज कुठे थांबणार ते उघड आहे. उलट क्युबाचं मारिएल बघा. ब्राझीलच्या कर्जातून बांधलेलं, सिंगापूरची कंपनी चालवते, 2014 ला थाटात उद्घाटन, फ्लोरिडा हाकेच्या अंतरावर. पण अमेरिकेचा 1992 चा कायदा म्हणतो, व्यापारासाठी क्युबात थांबलेलं जहाज 180 दिवस अमेरिकेत माल उतरवू-चढवू शकत नाही. क्रेन, धक्का, खोली सगळं असून उपयोग काय?

आणि जुनी पनामॅक्स जहाजं? जी दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या वाटेवरची राणी होती, ती एकदम नकोशी झाली. काही तर दहा वर्षांचीही नसताना भंगारात निघाली, जहाज एरवी पंचवीस वर्षं चालतं.

मागच्या भागाखाली एकीने वाढवणबद्दल विचारलं होतं. तिथली 20 मीटरची नैसर्गिक खोली सारखी बातम्यांत येते, ती याच मोठ्या जहाजांमुळे. पण डहाणूच्या मच्छीमारांचं म्हणणं नीट ऐकल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही, तो वेगळा भाग.

आता पाण्याकडे परत. नव्या लॉकना शेजारी हौद आहेत, त्यात 60 टक्के पाणी साठवून पुन्हा वापरतात. म्हणजे मोठं जहाज असूनही एका फेरीला जुन्यापेक्षा थोडं कमीच पाणी लागतं. इंजिनिअर म्हणून टाळ्या! पण ही बचत दर फेरीची. जुने लॉक बंद झाले नाहीत, नवे त्यांच्या जोडीला आले. नव्या लॉकमधून तळ्यात खारं पाणीही जास्त शिरतं. आणि पनामाची निम्म्याहून जास्त जनता या कालव्याच्याच तळ्यांचं पाणी पिते.

2023 ला पाऊस रुसला. तिथला ऑक्टोबर 1950 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. रोजची 36-38 जहाजं होती, ती 24 वर आणि मग 22 वर आणली. परवानगी असलेली बुडी 50 फुटांवरून 44 फूट, म्हणजे आलात तरी अर्धवट भरून या. पुढे जायची जागा लिलावात विकायला लागले. नोव्हेंबरमध्ये जपानच्या एनिओस कंपनीने रांग टाळायला जवळपास 40 लाख डॉलर मोजले, नेहमीचा टोल वेगळा. कंटेनरवाल्यांची बुकिंगं आधीच असतात, ते बरेचसे वाचले. मार पडला तो धान्याला आणि गॅसला. म्हणजे माझ्या त्या हिरव्या डॅशबोर्डला.

यावर उपाय म्हणून शेजारच्या इंदिओ नदीवर धरण बांधायचं ठरतंय, बोगद्याने पाणी गातूनमध्ये. खर्च सुमारे 1.6 अब्ज डॉलर आणि सुमारे दोन हजार माणसांना घरं सोडावी लागतील. तिथले शेतकरी विरोध करतायत, होड्यांतून मोर्चे काढतायत. गातून तळं झालं तेव्हाही चाग्रेसकाठची गावं पाण्याखाली गेली होती. आपल्याला कोयना, जायकवाडी माहीत असल्यामुळे या बातम्या वाचताना वेगळी नकाशा-वही उघडावी लागत नाही. दोन हजार माणसांच्या एका खोऱ्यावर सव्हानाच्या त्या 47 फुटांची भिस्त आहे, हे मला त्या एका ओळीच्या कोडमध्ये कधी दिसलं नव्हतं.

ती ओळ मी काढली. तिथे आता गातूनची पातळी रोज वाचणारं फंक्शन आहे, आणि ती 24.4 मीटरखाली गेली की अलर्ट वाजतो. कंपनी सोडताना हँडओव्हरमध्ये त्याच्यापुढे कॉमेंट लिहून आलोय: ‘हा आकडा कायम आहे असं समजू नये.’

प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. भेटू पुढच्या भागात.