काकूची एक वही आणि माझ्या पाच क्वेऱ्या

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग कोडिंग शिकणाऱ्यांसाठी आणि नुकतंच नोकरीला लागलेल्यांसाठी. विषय असा, की डेटाबेसची तीच ती क्वेरी प्रत्येक क्लासमध्ये परत परत लिहायची नसेल, तर ती ठेवायची कुठे? आणि कशी? तुम्ही बसमध्ये असाल, लाँचमध्ये असाल, भांडी घासत असाल, म्हणून स्क्रीनवर बघावं लागेल असं काही नाही. सगळं बोलूनच सांगते. सुरुवात माझ्याच चुकीपासून.

मी अलिबाग तालुक्यातली. बी.टेक. लोणेऱ्याला केलं. नोकरी मुंबईतली, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस मांडव्याहून लाँच आणि बाकीचे दिवस घरून काम. माझी काकू समुद्राला लागून राहते. तिची नारळ-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा त्या वाडीतली निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली. पोफळ नव्याने लावली तर धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घर कशावर चालवायचं? मग काकूने मागच्या बाजूला चार खोल्या काढल्या आणि पाहुणे ठेवायला लागली. म्हणजे या खोल्या हौस म्हणून नाहीत, घर त्यांच्यावर चालतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकू बुकिंग एका लाल वहीत लिहायची. फोन आला की वही उघडायची, बोट फिरवायची, "आहे हो खोली" किंवा "नाही हो". मी इंजिनिअर पुतणी! मी म्हटलं, काकू, आता ॲप करूया.

ॲप जावात लिहिलं, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. हळूहळू पाच ठिकाणी एकच प्रश्न विचारला जायला लागला: या तारखांना ही खोली रिकामी आहे का? वेबसाइटचं कॅलेंडर विचारणार. काकूचा फोन-बुकिंगचा फॉर्म विचारणार. पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर उत्तर पाठवणारा भाग विचारणार. तारीख बदलून देणारा स्क्रीन विचारणार. आणि ग्रुप पाठवणाऱ्या एका एजंटला आम्ही लिंक दिली होती, ती विचारणार. पाच क्लास. मी काय केलं असेल? पहिल्यात क्वेरी लिहिली आणि चार वेळा कॉपी-पेस्ट. चालत होतं ना! चालणाऱ्या गोष्टीला कोण हात लावतं?

आता क्वेरी काय होती ते ऐका, कारण ती वाटते तितकी सोपी नाही. दोन बुकिंगांची टक्कर कधी होते? जुना पाहुणा नवा निघायच्या आधी आलेला असेल, आणि नवा यायच्या नंतर जुना निघणार असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच टक्कर. उदाहरण घ्या. जुना ३० डिसेंबरला आला, १ जानेवारीला जाणार. नवा ३१ ला येणार, २ ला जाणार. दोन्ही अटी खऱ्या, टक्कर. पण जुना ३१ ला सकाळी निघणार आणि नवा ३१ लाच दुपारी येणार, तर टक्कर नाही. म्हणून तिथे 'लहान किंवा समान' असं चालत नाही, नुसतं 'लहान' लागतं. एवढ्या बारीक गोष्टीसाठी मी पाच जागा ठेवल्या होत्या चुकायला.

आणि तिसरी अट होती: बुकिंगची स्थिती 'पक्कं' असेल तरच खोली अडलेली समजायची. नोव्हेंबरमध्ये काकू म्हणाली, "आगाऊ पैसे आले की खोली त्यांचीच. मग बाकीचे कागद येवोत न येवोत." बरोबरच आहे. मी 'आगाऊ आलाय' अशी नवी स्थिती केली आणि क्वेरीत ती घालायला सुरुवात केली. फाइलींमध्ये शोधलं, चार ठिकाणी सापडलं, चारही बदलली. एजंटच्या लिंकचा क्लास मी रात्री दीड वाजता लिहिला होता, त्यात टेबलला वेगळं टोपणनाव दिलं होतं. शोधात तो आलाच नाही.

३१ डिसेंबर. संध्याकाळी सात. एका खोलीसाठी दोन कुटुंबं दारात. एकांनी काकूला आगाऊ पैसे दिलेले, दुसऱ्यांना एजंटच्या लिंकने 'रिकामी आहे' म्हणून सांगितलेलं. दोघांबरोबर लहान मुलं, एकांबरोबर आजी. त्या रात्री आख्ख्या किनाऱ्यावर खोली मिळते का? काकूने स्वतःची झोपायची खोली दिली, आपण पडवीत झोपली, आणि त्यांच्याकडून त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. तिच्या वर्षातल्या सगळ्यात महागड्या रात्रीचे.

मी मान खाली घालून उभी. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाय, माझी वही एक होती. तुझ्या ह्याच्यात किती वह्या आहेत?"

मंडळी, कॉलेजमध्ये 'डोन्ट रिपीट युवरसेल्फ' हे तत्त्व मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. ते ॲन्ड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ च्या 'दि प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकात मांडलं. पण मला ते कळलं त्या पडवीत. आपल्याला वाटतं, ओळी परत लिहू नका असं ते सांगतात. त्यांचा रोख ओळींवर नाही, माहितीवर आहे: एक नियम, एक जागा. 'खोली कधी अडलेली समजायची' हा काकूच्या धंद्याचा नियम आहे. तो माझ्या कोडमध्ये पाच ठिकाणी राहत होता, म्हणून त्याचा एक भाऊ मागे राहिला.

डेटाच्या बाबतीत हे आपण लगेच मान्य करतो. १९८१ मध्ये आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. समजा एका टेबलात प्रत्येक नोंदीसमोर 'कुलाबा' असं लिहिलंय. किती ओळी बदलणार? त्यापेक्षा जिल्ह्यांचं वेगळं टेबल केलं, तिथे नाव एकदाच, बाकी सगळीकडे फक्त क्रमांक, तर एक ओळ बदलली की झालं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातून पुढे नॉर्मलायझेशन आलं, ते हेच. म्हणजे टेबलं आपण नीट लावतो आणि त्यांना विचारायचे प्रश्न मात्र घरभर पसरून ठेवतो.

बरं, मग दुरुस्ती. पहिला प्रयत्न माझा फसला, तोही सांगते, कारण तुम्हीही तेच कराल.

मी म्हटलं, ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे ना, मग वारसा वापरूया! एक मोठा पालक क्लास केला आणि पाचही क्लासना त्याची मुलं केलं. पालकात 'शोधा' नावाची एकच मेथड. सुरुवातीला तीन पॅरामीटर. मग कॅलेंडरला रद्द झालेली बुकिंगंही दाखवायची होती, म्हणून एक खरं-खोटं. एजंटला फक्त दोन खोल्या दाखवायच्या, म्हणून आणखी एक. महिन्याभरात नऊ पॅरामीटर, त्यातले पाच खरं-खोटं. कुठेतरी लिहिलेलं असायचं: शोधा, खरं, खोटं, खोटं, खरं. याचा अर्थ काय, हे मलाच चार दिवसांनी कळेना. पुनरावृत्ती गेली, पण समजणंही गेलं.

चूक कुठे होती? व्हॉट्सॲपचं उत्तर पाठवणारा क्लास हा 'डेटाबेसवाला' क्लास नाहीच. त्याला डेटाबेसकडून फक्त एक उत्तर हवंय. त्याला मूल करायची गरज नव्हती, त्याच्या हातात एक मदतनीस द्यायला हवा होता.

म्हणून दुसरा प्रयत्न. एक वेगळा क्लास, नाव 'बुकिंग रिपॉझिटरी'. मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या 'पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइझ ॲप्लिकेशन आर्किटेक्चर' या पुस्तकात रिपॉझिटरी पॅटर्न सापडेल. माझ्या भाषेत, ही काकूची लाल वही. बुकिंगच्या टेबलाशी बोलायचं ते हिनेच. तिच्यात मेथड आहे 'खोली रिकामी आहे का', तिला खोली आणि दोन तारखा द्यायच्या, ती हो किंवा नाही सांगते. पाचही क्लासना ही वही कन्स्ट्रक्टरमधून हातात मिळते. आत क्वेरी कशी आहे, हे त्यांना माहीतच नाही.

वहीच्या आत मी क्वेरीचे छोटे तुकडे केले. 'या खोलीच्या नोंदी'. 'खोली अडवणाऱ्या नोंदी'. 'या तारखांना टक्कर देणाऱ्या नोंदी'. प्रत्येकाला नाव, प्रत्येक एकदाच लिहिलेला, आणि हवे ते एकापुढे एक जोडायचे. तुम्ही लॅरव्हेल वापरत असाल तर याला स्कोप म्हणतात. जँगोमध्ये स्वतःचा क्वेरीसेट लिहिता येतो, आणि तुकडे जोडत असताना तो डेटाबेसकडे जातच नाही, निकाल प्रत्यक्ष लागेल तेव्हाच जातो. जावाच्या स्प्रिंग डेटामध्ये स्पेसिफिकेशन आहे. नावं वेगळी, कल्पना एकच.

इथे एक धोका. तुकडे जोडायचे म्हणून कुणी स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवू नका. माझ्याकडे डि'सोझा आडनावाचे पाहुणे आले आणि त्या आडनावातल्या छोट्या टिंबाने क्वेरी तुटली, कारण डेटाबेसला वाटलं मजकूर तिथेच संपला. आज चुकून तुटली, उद्या कुणी मुद्दाम त्या जागेतून आपली क्वेरी घुसवेल. त्यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. पाहुण्याने दिलेली प्रत्येक गोष्ट पॅरामीटर म्हणूनच पाठवायची.

आता उलट बाजू. सगळं सारखं दिसणारं एकत्र करायचं नाही. सफाईच्या यादीची माझी क्वेरी जवळपास तशीच दिसायची. तीही मी मोहात पडून त्या मेथडमध्ये घालणार होते. पण तिचा प्रश्न वेगळा: आज कुठली खोली सुटतेय, चादरी कुठे बदलायच्या? आज सकाळी निघणारा पाहुणा बुकिंगच्या दृष्टीने अडथळा नाही, सफाईच्या दृष्टीने तोच मुख्य. दिसायला जुळे, पण वेगळ्या घरचे. ओळखायचं कसं? स्वतःला विचारा: उद्या काकूने नियम बदलला, तर या दोन्ही क्वेऱ्या एकत्रच बदलतील का? हो, तर एक करा. नाही, तर राहू द्या वेगळ्या. आणि खात्री नसेल तर तिसऱ्यांदा तीच गोष्ट येईपर्यंत थांबा.

शेवटची गोष्ट. एवढं करूनही एक भोक राहतं. दोन जण एकाच क्षणी विचारतात, वही दोघांना 'रिकामी' सांगते, दोघं एकदम नोंद करतात. इथे कोड कितीही सुंदर असला तरी उपयोग नाही. म्हणून शेवटची राखण डेटाबेसलाच दिली. पोस्टग्रेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट असतो. त्याला सांगायचं: खोली तीच आणि तारखांचा पट्टा एकमेकांवर येतोय, तर दुसरी नोंद घेऊच नकोस. तारखांचा पट्टा तिथे पहिला दिवस धरतो आणि शेवटचा सोडतो, म्हणजे सकाळी निघणाऱ्याचा आणि दुपारी येणाऱ्याचा प्रश्न आपोआप सुटतो.

कुणी म्हणेल, अगं, मग नियम दोन ठिकाणी झाला की! हो, झाला. ही पुनरावृत्ती मी जाणूनबुजून ठेवलीय आणि तिच्यावर एक टेस्ट बसवलीय: वही आणि डेटाबेस वेगवेगळं बोलायला लागले की टेस्ट लाल होते. माहीत असलेली पुनरावृत्ती सांभाळता येते. माझी पाचवी क्वेरी मला माहीतच नव्हती, हा खरा घोळ होता.

तर आज घरी गेल्यावर एक करा. तुमच्या प्रोजेक्टमधला एक नियम निवडा. 'चालू विद्यार्थी कोण', 'ऑर्डर पूर्ण कधी', काहीही. तो उद्या बदलला तर किती फाइली उघडाव्या लागतील, ते मोजा. एक आली तर झोपा निवांत. पाच आल्या, तर सहावी कुठे लपलीय ते आजच शोधा.

काकू आता ॲपच वापरते. लाल वही मात्र टाकलेली नाही, फोनशेजारीच असते. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "असू दे. तुझ्यावर नजर ठेवायला."

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.