भक्ष्याभक्ष्य: ग्रंथांतलें आणि घरांतलें

आजच्या विषयाची सुरुवात मी ग्रंथांपासून न करतां एका ताटापासून करणार आहें. आषाढी एकादशीचा दिवस आहे. पाट मांडला आहे. ताटांत साबूदाण्याची खिचडी आहे, वरीचे तांदूळ आहेत, त्यांवर शेंगदाण्याची आमटी आहे; एका बाजूला बटाट्याची भाजी, दुसऱ्या बाजूला रताळ्याच्या पाकांतल्या फोडी, आणि हिरवी मिरची जेथें तेथें आपलें काम चोख बजावीत आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें असेंच एखादें ताट पाहिलें असावें. परंतु माझें लक्ष त्या ताटाच्या आकाराकडे नसून त्यांतील पदार्थांच्या कुळाकडे आहे. बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपल्याकडील आजचा साबूदाणा होतो तो कसावा, हीं सारीं अमेरिका खंडांतील पिकें. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचला आणि त्यानंतर पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हीं पिकें हळूहळू आपल्या किनाऱ्याला लागलीं. मनूनें किंवा याज्ञवल्क्यानें त्यांचीं नांवें ऐकलीं नव्हतीं. देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या हेमाद्रीनें तेराव्या शतकांत व्रतांचें एवढें मोठें भांडार रचलें, परंतु त्यालाही तीं ठाऊक असण्याचा संभव नव्हता. उलट ज्या तांदुळावर आणि जवावर ऋषींचे यज्ञ चालले, तीं धान्यें मात्र त्या दिवशीं ताटाबाहेर!

हें पाहून हंसणें सोपें आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित मंडळी हंसतातही. पण ज्या कोणा आजीनें बटाट्याला प्रथम उपासाच्या ताटांत जागा दिली, ती अविचारी होती असें मला वाटत नाहीं. एकादशीला वर्ज्य तें अन्न, म्हणजे मुख्यतः धान्य. कंद, मुळें, फळें, दूध यांना पूर्वींपासून मोकळीक होती. बटाटा आणि रताळें जमिनीखालून निघालीं, तीं कंदाच्या नात्यानें आंत आलीं. मिरची मिऱ्याच्या जागेवर बसली. साबूदाणा प्रथम पूर्वेकडील बेटांतून येई, तो एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्याचा. ‘साबू’ हा शब्दही मलायी ‘सागू’चाच अवतार आहे. तो धान्य नव्हता, म्हणून त्याला वाट मिळाली. पुढें तो कसाव्याच्या कंदापासून होऊं लागला, तरी त्याचा परवाना कायम राहिला. वरीची गोष्ट थोडी अवघड आहे, कारण ती उघडउघड धान्य आहे. परंतु न नांगरलेल्या जमिनींत आपोआप पिकणाऱ्या नीवार-श्यामाकांसारख्या तृणधान्यांना मुनींचें अन्न म्हणून पूर्वींपासून निराळा मान होता, आणि आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचें खात नाहींत तेंही याच विचारानें. त्या मुनींच्या पंगतींत वरीनें हळूच आपला पाट मांडून घेतला असावा. राहिली कोथिंबीर. ती एका घरीं चालते, भिंतीपलीकडच्या घरीं चालत नाहीं. दोन्ही घरच्या सुना आपापल्या सासूचें प्रमाण देतात, ग्रंथाचें कोणीच देत नाहीं.

तेव्हां ग्रंथांत आहे तरी काय, तें पाहूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायाचा आरंभ मोठा गंभीर आहे. ऋषि भृगूला विचारतात, वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांना मृत्यु कां गांठतो? भृगु कारणें सांगतो: वेदाभ्यास सुटतो, आचार सुटतो, आळस जडतो आणि अन्नांत दोष येतो. मग ती प्रसिद्ध यादी सुरू होते. लसूण, कांदा, भूछत्रें, घाणींत उगवलेलें सर्व कांहीं. तींत गृंजन नांवाची एक वस्तु आहे. कोणी तिचा अर्थ गाजर करितात, कोणी लसणाचीच एक जात समजतात, आणि या मतभेदापायीं कित्येक घरांतून बिचाऱ्या गाजराला विनाकारण वनवास घडला आहे. कांदा-लसूण आपल्या परिचयाचे. पण याच यादींत थोडें पुढें, व्यालेल्या गाईचें पहिल्या दहा दिवसांच्या आंतलें दूधही वर्ज्य सांगितलें आहे. म्हणजे खरवस गेला! माझ्या माहितींत अशीं घरें आहेत कीं चातुर्मास लागतांच कांद्याची टोपली बाहेर जाते, आणि त्याच चातुर्मासांत गवळ्यानें चीक आणून दिला कीं वेलदोडा घालून वड्या पाडल्या जातात. मी हें दोष काढण्यासाठीं सांगत नाहीं. खरवस मलाही आवडतो. देवाला न दाखवितां केवळ स्वतःसाठीं केलेली खीर आणि अपूपही तेथें निषिद्ध आहेत. हा नियम पाळूं गेल्यास शहरांतल्या निम्म्या मिठाईवाल्यांना दुकानाला कुलूप लावावें लागेल.

मांसाविषयीं तर त्याच अध्यायांत दोन्ही सूर आहेत. यज्ञांत आणि श्राद्धांत त्याला जागा आहे, कोणत्या प्राण्याचें चालेल याची चिकित्सा आहे, पुढें अहिंसेची थोर स्तुति आहे, आणि अखेरीस निवाडा असा कीं खाण्यांत दोष नाहीं, ती प्राण्यांची प्रवृत्तिच आहे, परंतु त्यापासून परावृत्त होण्याचें फळ मोठें. आपल्याकडील वादी त्या निवाड्याचे दोन तुकडे करून अर्धा अर्धा वांटून घेतात. पुरता निवाडा कोणालाच नको असतो.

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ आपल्या घरांना अधिक जवळचा. चातुर्मासांतलें प्रसिद्ध व्रत श्रावणांत भाजी, भाद्रपदांत दही, आश्विनांत दूध आणि कार्तिकांत द्विदल धान्य सोडण्याचें. अलीकडे अशा प्रत्येक नियमाला वैद्यकाचा मुलामा देण्याची हौस फार बळावली आहे. पावसाळ्यांत पालेभाजी किडकी निघते हें खरें. पण थंडीच्या तोंडावर, कार्तिकांत, डाळ कां सोडावी याचें तसें कारण सांगतांना या मंडळींची फार ओढाताण होते. मला वाटतें, त्याची गरजही नाहीं. ताटांतली रोजची वस्तु मोजक्या दिवसांसाठीं आपण होऊन बाजूला सारणें हें व्रत आहे. त्याला औषधाच्या चिठ्ठीची लाज कशाला हवी?

आतां मी जरा खोल पाण्यांत शिरतों. छांदोग्योपनिषदाच्या सातव्या अध्यायांत आहार शुद्ध झाला असतां अंतःकरण शुद्ध होतें अशा आशयाचें वचन आहे. शंकराचार्य ‘आहार’ म्हणजे इंद्रियांच्या वाटेनें आंत येणारें सर्व कांहीं, असा अर्थ करितात. रामानुजाचार्य अन्न हाच अर्थ घेतात आणि त्याचे तीन दोष मानतात. वस्तूचा स्वतःचा तो जातिदोष. लसणाचा दोष या प्रकारचा. केंस, किडा, उष्टें यांमुळें येणारा तो निमित्तदोष; हा कोणतीही शहाणी गृहिणी ग्रंथ न वाचतां टाळते. तिसरा आश्रयदोष, म्हणजे अन्न ज्याच्या हातचें किंवा ज्याच्या घरचें, त्याच्यामुळें येणारा. श्रोतेहो, सगळा घोटाळा या तिसऱ्यांत आहे.

मनूच्या चौथ्या अध्यायांत कोणाकोणाचें अन्न घेऊं नये याची लांबलचक यादी आहे. तींत चोर आहे, व्याजावर जगणारा आहे, कंजूष आहे, चहाडखोर आहे. येथवर आपली मान डोलते. पण त्याच ओळीनें सुतार आहे, लोहार आहे, आणि वैद्यही आहे! माणसाची करणी आणि माणसाचा धंदा एकाच दाव्याला बांधले आहेत. पुढें काय झालें? यादीचा पहिला भाग समाज सोयिस्करपणें विसरला. सावकाराच्या घरचें लग्नाचें जेवण कोणी नाकारल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. दुसरा भाग मात्र दगडासारखा घट्ट झाला. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक इत्यादि मंडळींच्या पुढें चहा आला, त्याचा केवढा गवगवा झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्तांवर येऊन ठेपलें, हें आपण जाणतां. चहाचा उल्लेख कोणत्याही स्मृतींत नाहीं. दोष चहाचा नव्हता, कपाचा नव्हता. घर कोणाचें, एवढाच प्रश्न होता.

त्या वादांत भाग घेणारीं माणसें प्रतिष्ठित होतीं. प्रायश्चित्त घेऊन किंवा न घेतां त्यांना आपल्या जागीं राहतां आलें. ज्यांच्या स्पर्शालाच दोष मानला गेला त्यांना तशी सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, तें तळें नंतर विधिपूर्वक ‘शुद्ध’ करून घेण्यांत आलें. अन्नाच्या शुद्धीचा विचार करतां करतां आपण कोठें येऊन पोंचलों, हें पाहावयाचें असेल तर त्या तळ्याच्या पायऱ्यांवर उभें राहावें. १९५० पासून राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता कायद्यानें नष्ट झाली. पण पाण्याचा निराळा पेला ठेवणारें कपाट कायद्याला दिसत नाहीं.

आणि गंमत अशी कीं, या बाबतींत उपनिषदांची दृष्टि आपल्यापेक्षां कितीतरी मोकळी होती. छांदोग्यांतच उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. ही कथा मला प्रथम पुस्तकांत भेटली नाहीं; ती आमच्या माजघरांत भेटली.

माझी एक आत्या होती. लहानपणींच वैधव्य आलेलें. घरांतले खाण्याचे सारे निर्बंध तिच्याच ताटांत जमा झाले होते: दिवसांतून एकदां जेवण, कांदा-लसूण जन्माचा वर्ज्य, एकादशी निर्जळी. पुरुषांच्या ताटापर्यंत येतां येतां जे नियम मऊ होत, तेच विधवेच्या ताटांत पुनः कडक होत, हें मीं तेव्हांच पाहिलें. एका पावसाळ्यांत तिला खोकला लागला आणि अंगांतली सारी शक्ति गेली. डॉक्टरांनीं माशाच्या यकृताचें तेल लिहून दिलें. तिनें ती बाटली स्वयंपाकघरांतून उचलून अंगणाच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. वडील रागावले, आई रडली. कांहीं उपयोग झाला नाहीं. शेवटीं वडिलांनीं एका वृद्ध शास्त्रीबुवांना बोलावून आणलें.

शास्त्रीबुवांनीं उपदेश केला नाहीं, गोष्ट सांगितली. कुरुदेशांत पीक बुडालें होतें. उषस्ति बायकोसह हत्ती बाळगणाऱ्यांच्या गांवीं राहत होता. तेथला एकजण हलक्या प्रतीचें शिजविलेलें कडधान्य खात बसला होता. उषस्तीनें त्याच्याजवळ तें मागितलें. तो म्हणाला, माझ्या पुढ्यांत आहे एवढेंच आहे. उषस्तीनें तें उष्टेंच घेतलें. मग त्यानें पाणी पुढें केलें, तेव्हां उषस्ति म्हणाला, तें उष्टें होईल. त्या माणसानें विचारलें, मग हे दाणे उष्टे नव्हते काय? उषस्तीनें उत्तर दिलें, ते खाल्ले नसते तर मी जगलों नसतों. पाणी मला हवें तेथें मिळेल. ब्रह्मसूत्रांत हाच आधार घेऊन, प्राणावर बेतलें असतां सर्व अन्नाला अनुमति आहे असा निर्णय दिला आहे, हें शास्त्रीबुवांनीं शेवटीं सांगितलें आणि ते उठून गेले.

आत्या कांहींच बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाटली तिनें स्वतः आंत आणली, नाक धरून एक चमचा घेतला आणि वर गूळ खाल्ला. तें तेल दिवाळीपर्यंत चाललें. भाऊबीजेच्या दिवशीं उरलेली बाटली तिनें माझ्या हातीं दिली. “बाळ, डॉक्टरांना नेऊन दे. कोणा गरिबाच्या उपयोगीं पडेल. आतां मला पाणी मिळतंय.”

पुढें आठ-दहा दिवसांनीं कार्तिकी एकादशी आली. त्या दिवशीं आयुष्यांत प्रथमच तिनें निर्जळी केली नाहीं. आईजवळून वाटीभर साबूदाण्याची खिचडी मागून घेतली आणि माजघराच्या उंबऱ्याशीं बसून सावकाश खाल्ली. मिरच्यांचे तुकडे मात्र वेंचून बाजूला ठेवले. त्या तिला तिखट लागत.