आधी नाव लिहून घ्या

समाजकार्याच्या स्नातक मित्रमैत्रिणींनो,

आज तुमच्या हातात पदवीचा कागद आला. मी बोलणार आहे दुसऱ्याच एका कागदाबद्दल. नेपाळीत त्याला जन्मदर्ता म्हणतात, आपला जन्मदाखला.

हुमला, मुगू, डोल्पा, जुम्ला आणि कालिकोट हे नेपाळच्या कर्णाली भागातले पाच जिल्हे. डोंगर उभे, शेत टीचभर. पिकलेलं वर्षभर पुरत नाही. २००९मध्ये सरकारने इथल्या पाच वर्षांखालच्या मुलांना, घरटी दोघांपर्यंत, महिना २०० नेपाळी रुपये पोषणभत्ता सुरू केला. आपले सव्वाशे. बाकीच्या देशात तो फक्त गरीब दलित कुटुंबांना होता. भत्त्यासाठी मुलाचा जन्मदाखला लागे.

मागणी साधीच. पण तेव्हा लागू असलेल्या १९७६च्या कायद्याप्रमाणे जन्माची वर्दी द्यावी लागे घरातल्या कर्त्याने. तो नसेल तर घरातल्या सर्वांत वडील पुरुषाने. आणि कर्ता असायचा कुठे? पश्चिम नेपाळातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी भारतात येतात. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकाशी रात्र काढणारे कितीतरी वॉचमन तिकडचेच. आपण त्यांचं नावही विचारत नाही. बहादूर म्हटलं की भागतं. इकडे तो आपल्या गाड्या राखतो. तिकडे त्याची बायको तान्हं पाठीला बांधून, डोंगर उतरून कचेरीत पोचायची, तर खिडकीतून प्रश्न यायचा, "श्रीमान् खोइ?" नवरा कुठाय? तो इथे, आपल्या फाटकाशी.

भत्ता लहान होता, तरी त्याच्या ओढीने कर्णालीत जन्मनोंदी भराभर वाढल्या. लोक आळशी नव्हते. खेटे घालण्याजोगं काही त्यांना तोवर मिळत नव्हतं, एवढंच.

नेपाळने बरंच कमावलंही आहे. २००१मध्ये पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ५७ मुलांची उंची कुपोषणाने खुंटलेली होती. २०२२मध्ये ती संख्या २५वर आली. पण कर्णालीत अजूनही तीनातलं एक मूल खुरटलेलंच आहे. २०१७-१८च्या पाहणीत देशभरात ५ ते १७ वयाची सुमारे ११ लाख मुलं बालमजुरीत आढळली. सरासरी सुधारते तेव्हा मागे राहिलेलं मूल आणखीच दिसेनासं होतं. त्यात त्याची नोंदच नसेल, तर ते कुणाच्याच हिशेबात नसतं. ना भत्त्याच्या, ना लशीच्या, ना शाळेच्या.

मित्रहो, तुमच्यातले बरेच जण उद्या अशाच एखाद्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसतील. समोर कडेवर मूल घेतलेली बाई असेल. तिच्याकडे एखादा कागद कमी असणार, हे गृहीतच धरा. तिला उद्या या म्हणू नका. तिचा उद्या दोन दिवसांच्या मजुरीचा असतो. आधी मुलाचं नाव लिहून घ्या. राहिलेला कागद मिळवायला तिच्याबरोबर तुम्ही जा.