शॉक म्हणजे काय?

'शॉक' हा शब्द मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. विजेची तार हाताला लागली तरी शॉक, आणि अशुभ वार्ता कानीं आली तरीही शॉकच! वैद्यकांतला शॉक मात्र निराळा. शरीरांतील पेशींना जगण्यापुरतें रक्त, व त्याबरोबरचा प्राणवायु, पोंचेनासा होणें याला डॉक्टर शॉक म्हणतात.

हें चार प्रकारांनीं घडतें. रक्तस्रावानें किंवा पटकीच्या जुलाबांनीं शरीरांतील द्रव कमी होतो. हृदय दुबळें होऊन रक्त पुढें ढकलूं शकत नाहीं. जंतुसंसर्गानें अथवा तीव्र ॲलर्जीनें रक्तवाहिन्या सैल पडतात. किंवा फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनींत रक्ताची गुठळी अडकून वाटच बंद होते.

शॉकच्या पायऱ्या तीन. पहिलींत शरीर झुंजत असतें. नाडी जलद चालते. त्वचेकडील रक्त मेंदू व हृदय यांकडे वळतें. म्हणून हातपाय गार पडतात, घाम सुटतो, लघवी कमी होते. जंतुसंसर्गांत मात्र आरंभीं अंग उष्णही असूं शकतें. प्रौढाच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. त्यांतील लिटरभर गेलें तरी रक्तदाब कित्येकदां पूर्ववत् दिसतो. तो आंकडा पाहून निर्धास्त राहणें घातक होय. दुसऱ्या पायरीवर रक्तदाब उतरतो, भान हरपूं लागतें. तिसऱ्या पायरीवर अवयव निकामी होतात. तेथून परतणें जवळजवळ अशक्यच.

कारण ओळखल्यावांचून उपचार नाहीं. कारण एकाला जें तारतें तें दुसऱ्याला मारूं शकतें. पटकीच्या रोग्याला शिरेंतून दिलेलें सलाईन जीवदान ठरतें. कोंकणांतील लाल विंचवाच्या दंशांत स्थिति उलट असते. हें कोडें उलगडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे देहेडचे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हांच्या औरंगाबाद, जिल्ह्यांतून १९८१ सालीं निघालेल्या जालना जिल्ह्यांत हें गांव आहे. १९७६ पासून महाडजवळील बिरवाडी येथें रुग्ण पाहतांना त्यांना दिसलें, कीं विषामुळें रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. अशा वेळीं भराभर सलाईन दिल्यास भार वाढतोच. त्यांनीं वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध योजिलें; १९८६ मध्यें 'लॅन्सेट'नें तें वृत्त छापिलें. मृत्यूचें प्रमाण पुढें फारच उतरलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

घरच्या माणसांनीं औषध ठरवूं नये. पण खूण ओळखावी. वाहणारी जखम घट्ट दाबून धरावी, रोग्यास आडवें निजवावें. धाप लागत असल्यास मात्र टेकून बसवावें. अंगावर पांघरूण घालावें. दंशानंतर घाम, वांत्या व गार हातपाय दिसल्यास मंत्र-उताऱ्यांत वेळ दवडूं नये. रुग्णालयाचा रस्ता पहिल्या पायरीवरच धरावा. शॉकमध्यें जीव वांचतो तो बहुधा तेथेंच.