तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट
(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'पंचवीस वर्षांच्या आठवणी' हा विषय दिला आहे. पण टाकीतलं मांजर आणि पहिल्या गणपतीत जळालेला फ्यूज, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यापेक्षा माझा फ्लॅट दोन वर्षं का विकला जात नाही, ते सांगतो. तो विकायला काढलाय हे जिन्यात धापा टाकणाऱ्या अनोळखी मंडळींवरून तुम्ही ओळखलंच असेल.

कारण साधं आहे. आपल्याला लिफ्ट नाही आणि माझ्या दारापर्यंत सत्तावन्न पायऱ्या आहेत. हिचे दोन्ही गुडघे गेले. गेल्या गणपतीनंतर दवाखाना सोडून ती खाली उतरलेली नाही. आत्ताही वर गॅलरीत बसून ऐकते आहे, म्हणजे मला खोटं बोलायची सोय नाही. याच सिंहगड रस्त्यावर लिफ्टचं छोटं घर घ्यायचं, एवढाच बेत. मुलगा म्हणतो, आमच्याकडे बंगळूरला या. पण ही म्हणते, भाजीवाला ओळखीचा पाहिजे.

पहिलं वर्ष मी माझ्या हट्टात घालवलं. समोरच्या नव्या इमारतीतला फ्लॅट काय भावाला गेला ते ऐकलं आणि तोच आकडा सांगितला, 72 लाख. तिथे लिफ्ट आहे, दोन गाड्यांचं पार्किंग आहे, हे मनात घेतलंच नाही. वर नव्या टाइल्स आणि किचन ट्रॉल्यांचे पैसे वेगळे धरले. एजंट म्हणाला, "काका, सांगायचा भाव वेगळा आणि व्यवहाराचा वेगळा. तुमच्या ट्रॉल्या तो काढूनच टाकणार आहे." मला राग आला. आठ महिन्यांनी मी मुकाट्याने खाली आलो. पण फार वेळ एकच जाहिरात दिसत राहिली की लोक म्हणतात, काहीतरी गडबड दिसतेय.

गडबड होतीच. भाव जुळला, मुलीकडच्यांना घर आवडलं, टोकनची तारीख ठरली, असं दोनदा झालं. दोन्ही वेळा त्यांच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला, "कन्व्हेयन्स झालंय का?" सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचंच नाव. म्हणजे इमारत आपली, पण ती ज्या जमिनीवर उभी आहे ती कागदावर आपली नाही. बारा-पंधरा वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायची वेळ येईल तेव्हा मालक कोण, असं तो वकील विचारत होता. त्याचं चुकलं नाही. मोफा कायद्याखाली, म्हणजे 1963 च्या फ्लॅट कायद्याखाली, सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं हे खत करून द्यायचं असतं. नाही दिलं तर 2008 च्या दुरुस्तीनंतर सोसायटी स्वतः जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवू शकते. बिल्डर सहीला येवो न येवो.

मग आपण इतकी वर्षं ते का केलं नाही? मी इतिवृत्ताची जुनी वही काढली. 2011 च्या वार्षिक सभेत विषय आला होता, दरडोई 12 हजार खर्च सांगितला होता. त्याखाली लिहिलंय, "खजिनदारांनी हा खर्च अनावश्यक असल्याचे मत मांडले. आपल्याला इथून कोण काढणार आहे, असे ते म्हणाले. विषय तहकूब." अक्षर सेक्रेटरींचं, पण खजिनदार मी होतो.

ती वही मी हिला दाखवली. ती काहीच बोलली नाही, फक्त गुडघ्याला तेल लावत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या वेळी आणखी एक गोष्ट आम्ही करायचो, तीही कबूल करतो. फ्लॅट विकणाऱ्याकडून 'ऐच्छिक देणगी' घ्यायचो. हस्तांतरण शुल्काला 25 हजारांची कमाल मर्यादा आहे हे माहीत होतं, म्हणून वरचे पैसे देणगीच्या पावतीवर. नवीन कमिटीनं हे बंद केलं, फार चांगलं केलं.

आता पुढचं. गेल्या वर्षी आपण अर्ज केला. या वेळी दरडोई खर्च 2011 च्या अडीचपट आला. जुनी कागदपत्रं गोळा करताना तरुण पोरांनी चपला झिजवल्या, मी फक्त फाइल धरून मागे बसलो. आदेश हातात आला, दस्त नोंदला गेला. सातबाऱ्यावर नाव चढायचं काम तेवढं चालू आहे.

माझ्या भावाचं म्हणाल तर तो आता 61 वर आलाय. परवा रविवारी सकाळी अकराला एक कुटुंब बघायला येतंय, नवराबायको दोघंही तिशीतली. गेटवर कोणी विचारलं तर जिना दाखवा. लिफ्टचं विचारलं तर नाही म्हणून सांगा, लपवू नका. कन्व्हेयन्सचं विचारलं तर मात्र माझ्याकडे पाठवा, दस्ताची प्रत मी दाराजवळच्या शेल्फवर ठेवली आहे.