शपथ घेतली, आता औषध कुणी द्यायचं?

(शिवथर भागातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

अध्यक्ष, माझ्या आयाबहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या भावांनो,

आज मी नोकऱ्यांवर बोलणार नाही, पाण्याच्या टाकीवर बोलणार नाही. दारूवर बोलणार आहे आणि डोक्यावर बोलणार आहे. बघा, डोकं म्हटल्याबरोबर काहीजण हसले. वेडा म्हटलं की हसायचं आणि बेवडा म्हटलं की थुंकायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं? ज्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं त्यांनीच शिकवलं. तेच आपण आपल्या घरातल्या माणसावर चालवतो. त्याला घराच्या कुसाबाहेर ठेवतो.

हे शिवथर आहे. वर घळ आहे. रामदासांनी तिथं दासबोध लिहिला असं मानतात. बाहेरगावच्या गाड्या येतात, लोक दर्शन घेतात, परत जातात. त्याच रामदासांचे मनाचे श्लोक शाळाशाळांतून पोरांकडून पाठ करून घेतले गेले. म्हणजे मनाला उपदेश करायची या डोंगराला साडेतीनशे वर्षांची सवय आहे. माझा साधा सवाल आहे. ज्याचं मन आजारी पडलंय, त्याला उपदेश करून काय होणार? टायफॉइड झालेल्या माणसाला कुणी श्लोक म्हणून दाखवतं का? त्याला आपण दवाखान्यात नेतो. मग हा माणूस दवाखान्यात का नको?

आता आपल्याकडे वळतो. डिसेंबर १९२७. महाडला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी बोलले. नवरा असो का मुलगा, दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका, असं त्यांनी सांगितलं. पुढे १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या बायांनी ती पाळली, पाळायला लावली. कितीतरी घरं त्या एका प्रतिज्ञेवर उभी राहिली. हे मी मानतो, आणि मानूनच पुढचं बोलतो.

प्रतिज्ञा माणसाला दारात आणून उभं करते. दाराच्या आत कुणीतरी पाहिजे ना!

वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस चौदा एप्रिलला शपथ घेतो. टाळ्या पडतात, हार घालतात. त्यानंतर त्याच्या शरीरात काय होतं ते सांगतो, नीट ऐका. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास सुरू होतात. अंगावर मुंग्या चालतात, दारात पोलीस दिसतात, मेलेला बाप हाक मारतो. ताप चढतो, माणूस मरूही शकतो. सगळ्यांना असं होत नाही. पण ज्याचं शरीरच दारूवर उभं आहे, त्यानं एकदम सोडली तर होऊ शकतं. वैद्यकशास्त्राला हे कधीपासून माहीत आहे. आपल्या वाडीला कुणी सांगितलं नाही.

डोंगरापलीकडच्या एका वाडीत काही वर्षांपूर्वी हेच झालं. एका भावानं शपथ घेतली होती, अगदी मनापासून. तिसऱ्या रात्री तो भिंतीशी बोलायला लागला. लोक म्हणाले, बाहेरचं लागलंय. भगताला बोलावलं. अंगारा झाला, लिंबू झालं, शेवटी दोरीनं खाटेला बांधला. आम्ही पोरं पोचलो तेव्हा उजाडत होतं. जीपमध्ये घातला. वळणावळणाच्या रस्त्यावर त्याला एकामागून एक फिटा आल्या. दवाखान्याचं फाटक दिसत होतं तेव्हा तो गेला. वाडीत अजून म्हणतात, शपथ मोडायला निघाला म्हणून मेला. मित्रांनो, तो शपथ पाळून मेला.

त्याला काय लागत होतं? डायझेपाम किंवा लोराझेपामसारखं औषध, डॉक्टरच्या नजरेखाली काही दिवस, रोज कमी करत. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. पाणी, अन्न आणि बाजूला बसलेलं एक माणूस. यातलं काय एवढं महाग आहे? उलट आपल्याकडे 'सलाइन लावा, सलाइन लावा' असा धोशा असतो. अशा माणसाला बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणजे नुसतं दवाखान्यात नेऊन भागत नाही. तिथल्या माणसाला हे काम यायला पाहिजे आणि कपाटात औषध पाहिजे.

काहीजण म्हणतात, दारुडा दवाखान्यात येतच नाही. खोटं आहे. तो येतोच. पोटात आग पडते म्हणून येतो. पडून डोकं फुटलं म्हणून टाके घालायला येतो. टीबी झाला म्हणून येतो. टीबीच्या गोळ्या आणि दारू दोन्ही लिव्हरवर बसतात, तो गोळ्या अर्ध्यावर सोडतो, पुन्हा येतो. दर वेळी केसपेपर निघतो, दर वेळी अॅसिडिटीची गोळी मिळते. 'किती पितोस? कधीपासून? सकाळी हात थरथरतात का?' एवढं विचारायला एक मिनिट लागतं. ते मिनिट आपल्या वाट्याला येत नाही.

आणि बाया? त्या पीत नाहीत, पण त्याही येतात. अंग दुखतं, डोकं दुखतं, झोप नाही, छातीत धडधड. ताकदीचं इंजेक्शन घेऊन घरी जातात. नवरा पितो, पोरगा पुण्या-मुंबईला गेला तो फोन करत नाही, वर्षाचं भात सहा महिने पुरत नाही. ही बाई आतून खचली आहे, हे तिच्या कमरेच्या एक्स-रेत दिसत नाही.

२२ जुलै २०२१ आठवा. तळियेवर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे, साखर-सुतारवाडी. त्याआधी जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. या मुलखात ढग गडगडला की रात्रभर अंथरुणावर बसून राहणारी माणसं आहेत. पंचनाम्याच्या कागदात घराचा रकाना असतो, गुरांचा असतो. झोपेचा नसतो. मग त्या माणसाला झोप कोण देतं? गुत्तेवाला देतो. वीस-तीस रुपयांत देतो, उधारीवरही देतो. सरकारी दवाखाना जिथं थांबतो तिथनं गुत्ता सुरू होतो.

गुत्त्याचंही राजकारण समजून घ्या. या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. प्यायला परवाना लागतो म्हणे! आणि त्याच राज्याच्या तिजोरीत दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर रुपये येतात. हातभट्टीचा हिशेब वेगळाच. वीटभट्टीवर कातकरी भावाला उचल देऊन बांधतात, आणि उचलीतलेच पैसे त्याच्या घशातून परत काढतात. पिणं सगळ्या जातींत आहे. पैसेवाला पितो तेव्हा ते 'टेन्शन' असतं, त्याला खाजगी दवाखान्यात खोली असते. आपला पितो तेव्हा तो 'जातीचा गुण' असतो, त्याला गटार असतं.

आता कुणी विचारेल, मग मोठं इस्पितळ मागायचं का? मनोरुग्णालयं आहेत राज्यात चार. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. इथनं जवळचं कुठलं? ठाणे असो की रत्नागिरी, जायला दिवस मोडतो, मजुरी मोडते, आणि गावात बोभाटा होतो की ह्याला वेड्याच्या इस्पितळात नेला. वेगळ्या इमारतीला वेगळी पाटी लागते, आणि पाटी लागली की आपला माणूस तिथं पाय ठेवत नाही. म्हणून मी म्हणतो, खोकल्याच्या रांगेतच हा इलाज पाहिजे. रांगेत कोण कशासाठी उभा आहे, हे कुणाला कळता कामा नये. बीपीची गोळी जिथं मिळते तिथंच मनाची गोळी मिळाली पाहिजे. अवघड केस असेल ती वर पाठवा. साध्यातल्या साध्या केसला महामार्ग दाखवू नका.

डॉक्टर म्हणतील, ओपीडीत गर्दी, वेळ कुठाय? खरं आहे त्यांचं. म्हणून शेजारच्या गोव्याकडे बघा. तिथं 'संगत' नावाच्या संस्थेनं डॉ. विक्रम पटेल यांच्याबरोबर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतच प्रयोग केला. दहा केंद्रं, धोक्याच्या पातळीवर पिणारे ३७७ पुरुष. बोलणारी माणसं मानसोपचाराची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. जास्तीत जास्त चार बैठका, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. तीन महिन्यांनी शंभरातले ३६ त्या धोक्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारात २६. दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले एका बाजूला ४२, दुसऱ्या बाजूला १८. जादू नाही ही. जे पूर्ण दारूवर अवलंबून आहेत त्यांना त्यात घेतलं नव्हतं, त्यांना डॉक्टर आणि औषध लागतंच. पण जो अजून कड्यावरून पडलेला नाही, त्याला नुसत्या धड बोलण्यानं मागं ओढता येतं, एवढं सिद्ध झालं.

आपल्याच राज्यात अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्प झाला, तीस गावांत. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उदासीच्या आजारावर बोलायला सुरुवात केली. आधी असे शंभर आजारी असतील तर जेमतेम चार मदत घ्यायला जात होते. दीड वर्षानं सत्तावीस जायला लागले. माणसं तीच, दुःखं तीच. बोलायला दार उघडलं एवढंच.

आणि कायदा? कायदा आहे. हरियाणातल्या रायपूर राणीला आणि बंगलोरजवळ सकलवाड्याला १९७५ च्या सुमारास प्रयोग झाले, त्यावरून १९८२ ला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. त्यातच लिहिलं होतं, हा इलाज प्राथमिक केंद्रात न्या. चाळीस वर्षं होऊन गेली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आजारातल्या शंभरातल्या ८६ जणांना इलाज मिळत नाही. पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हताच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ पाठ करा. अॅट्रॉसिटीचा कायदा जसा पाठ केला तसा. प्राथमिक पातळीपासून सगळीकडे हा इलाज मिळण्याचा हक्क त्यात आहे. दारूमुळं होणारे मनाचे आजारही त्यात धरले आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, पिवळं कार्ड असो नसो, फुकट. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार धरायचं नाही, त्याला सांभाळायचं, असं कलम ११५ सांगतं.

आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा फॉर्म भरते. त्यात दारूचा प्रश्न आहे. आणखी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? मला सांगा, तुमच्यापैकी कुणाला हे विचारलंय? आणि 'हो' म्हटलेल्याचं पुढं काय झालं? मी आशाताईला दोष देत नाही. ती मानधनावर राबते, तिच्या डोक्यावर फॉर्मांचं गाठोडं आहे. तिनं विचारलं आणि पुढं औषध नाही, माणूस नाही, तर तिनं तरी काय करायचं?

आपल्यातले काही मित्र म्हणतील, ही सगळी गोळ्या देऊन माणूस गप्प करायची चाल आहे. शोषण संपलं की दारू आपोआप सुटेल. मित्रा, शोषण संपेपर्यंत तो जगला पाहिजे. थरथरत्या हातानं झेंडा धरता येत नाही. अन्यायाशी भांडायचंच आहे, त्यासाठी माणूस शुद्धीवर पाहिजे आणि जिवंत पाहिजे.

तेव्हा आपल्या मागण्या लिहून घ्या. एक, केंद्रातल्या प्रत्येक ओपीडीत दारूची आणि झोपेची चौकशी झाली पाहिजे. दोन, दारू सोडवतानाचं औषध आणि बी-१ कपाटात पाहिजे आणि डॉक्टर-नर्सला त्याचं प्रशिक्षण पाहिजे. तीन, ठरलेल्या वारी मनाचा डॉक्टर इथं आला पाहिजे. चार, बोलायला गावातलीच शिकवलेली पोरगी-पोरगा, पगारावर, फुकट सेवेवर नाही.

आणि आपलं काम. यापुढं शपथ द्यायच्या आधी विचारायचं, रोज पितोस का, सकाळी हात हलतात का? हलत असतील तर त्याला आधी दवाखान्यात न्यायचं, हार मागनं. सोडल्यावर चार रात्री आळीपाळीनं त्याच्याजवळ बसायचं. भूत उतरवायच्या नावानं कुणी बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. भगताला हे आधीच सांगून ठेवायचं. जीव नको झाला असेल तर १४४१६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. भिंतीवर लिहून ठेवा. आणि परत पिऊन आलेल्याला हाकलू नका. परत पिणं हा त्या आजाराचाच भाग आहे. पुन्हा रांगेत उभा करा.

येत्या सोमवारी अर्ज घेऊन आरोग्य केंद्रावर जायचं. बाया पुढं असतील. भाषणं तिथं करायची नाहीत, डॉक्टर आपले वैरी नाहीत, त्यांनाही हे वरूनच मिळायला हवं. अर्जाची एक प्रत त्यांना, एक जिल्ह्याला. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

जयभीम!