आमची पिढी, आमचा मोबाईल आणि आपला ग्रुप

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील 'युवा मनोगत' सत्रात एका सभासदाच्या कन्येने, विज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने केलेले भाषण. शक्यतो बोलल्याप्रमाणेच छापले आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरी काकांनी मला विषय दिला, 'आजचा विद्यार्थी आणि तंत्रज्ञान'. वेळ दिली दहा मिनिटं. आणि जाता जाता म्हणाले, "बेटा, मोबाईलचे दुष्परिणाम नीट सांग बरं." म्हणजे भाषण माझं आणि निकाल काकांनी आधीच लावून ठेवलेला! तर काका, दुष्परिणाम सांगतेच. पण आधी आमची बाजू ऐकून घ्या, आणि शेवटी थोडी तुमचीही बाजू मी सांगणार आहे.

आपल्या सोसायटीची पहिली घरं उभी राहिली तेव्हा फोन मोजक्याच घरी होता, असं आमच्या घरात सांगतात. बाकीच्यांचा 'पी. पी. नंबर'. फोन आला की त्या घरचं पोरगं पळत निरोप द्यायला यायचं आणि अर्धी गल्ली विचारायची, कोणाचा होता? बाहेरगावी बोलायचं तर एसटीडी बूथ. रात्री दर कमी व्हायचे म्हणून जेवणं आटोपून लोक रांग लावायचे, आणि समोरचे लाल आकडे पळताना बघून निम्मं बोलणं पोटातच राहायचं. आज सुरतेला असलेल्या मामाला इथल्या कानबाईचं दर्शन व्हिडिओ कॉलवर होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं. आता भाजीवाल्या मावशींच्या टोपलीलाही क्यूआर कोड टांगलेला असतो. हा बदल काही फक्त आम्हा पोरांसाठी झालेला नाही.

आता कॉलेजचं सांगते. कॉलेज म्हणजे 'मोबाईल बंद ठेवा' असं भिंतीवर लिहिणारं आणि त्याच मोबाईलवर सगळ्या सूचना पाठवणारं ठिकाण! प्रवेश अर्ज ऑनलाईन, परीक्षेचा फॉर्म ऑनलाईन, निकाल ऑनलाईन. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिट आले, त्यांच्यासाठी एबीसी आयडी काढायचा. प्रत्येक ठिकाणी आधार, आणि आधारला जोडलेला नंबर बहुतेक घरांत वडिलांचा. मुलगी इकडे सायबर कॅफेत बसलेली, वडील तिकडे कपाशीत, रेंजचा पत्ता नाही. ते बांधावर येऊन ओटीपी वाचून दाखवतात तोवर त्याची मुदत संपलेली असते. मग पुन्हा पहिल्यापासून फॉर्म भरा. हे आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींनी सोसलेलं आहे.

कोरोनात आमची अख्खी नववी मोबाईलवर झाली. ज्या घरात दोन भावंडं आणि एकच मोबाईल, तिथे कोणाचा तास बुडवायचा हा रोजचा प्रश्न होता. तेव्हा कोणी म्हणालं नाही की मोबाईल वाईट. म्हणून सर्व पालकांना विनंती आहे, आमच्या हातात मोबाईल दिसला की लगेच "काय करी ऱ्हायनी? ठेव ना तो आते!" असं म्हणू नका. आधी एकदा विचारा, काय बघतेस? कधी फिजिक्सचा तास असतो. आणि कधी नसतो, हेही कबूल.

नसतो तेव्हा काय असतं? रील. इथे मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. पण का खरं आहे, ते नीट समजून घेऊ. टीव्हीवर मालिका संपते, पेपरचं शेवटचं पान येतं, पुस्तकाचा धडा संपतो. रीलला शेवटचं पानच नाही. बोट वर सरकवलं की पुढचं हजर. आपण कुठे थांबलो, काय दोनदा पाहिलं, काय लगेच सरकवलं, याची नोंद ते ॲप ठेवतं आणि त्याप्रमाणे पुढचं वाढतं. आपण जितका वेळ बसू तितक्या जाहिराती, तितकी त्यांची कमाई. आपल्याला वाटतं फुकट आहे. फुकट काही नाही, आपला वेळ तिथे विकला जातो. त्यामुळे 'पोरांना इच्छाशक्ती नाही' एवढंच म्हणून चालत नाही. समोर मोठमोठे इंजिनिअर बसलेत, त्यांचं कामच आपल्याला उठू न देण्याचं आहे. म्हणून परीक्षेच्या दिवसांत आम्ही मैत्रिणी मोबाईल एका स्टीलच्या डब्यात टाकतो आणि डबा आजीकडे देतो. आजीपेक्षा भारी पासवर्ड अजून निघालेला नाही!

रीलचा दुसरा त्रास वेळेपेक्षा मोठा आहे. पुण्या-मुंबईच्या कॉलेजचे फेस्ट, कॅन्टीन, कपडे रोज बघून इथल्या मुलीला वाटायला लागतं की आपलं कॉलेज म्हणजे कॉलेजच नाही. सकाळची एसटी, पास, उभ्यानं प्रवास, दुपारी डब्यातली भाकरी, संध्याकाळी परत अप-डाऊन. याचं रील कोण करणार? पण मला विचाराल तर आमचं निम्मं कॉलेज त्या एसटीत होतं. कोणाच्या बहिणीचं लग्न ठरलं, कोणाचं पोलीस भरतीचं ग्राउंड आहे, कोणाच्या घरी यंदा कापसाचे पैसे आले नाहीत म्हणून फी राहिली, हे बसमध्येच कळतं. आता प्रत्येकाच्या कानात इअरफोन असतो. शेजारच्या सीटवरची मैत्रीण फी भरता न आल्यानं कॉलेज सोडायच्या विचारात असली, तरी आपल्याला ते तिच्या स्टेटसवरून कळणार. हे मला पटत नाही.

काही जण म्हणतात, यूट्यूबवर सगळं आहे, लेक्चरला जायचं कशाला? यूट्यूबवरचे सर छान शिकवतात, मान्य. पण शेवटच्या बाकावर कोणाला समजलं नाही, हे त्यांना दिसत नाही. आणि प्रॅक्टिकल? टायट्रेशनमध्ये गुलाबी रंग एका थेंबानं येतो आणि पुढच्या थेंबानं सगळं रीडिंग वाया जातं. तो थेंब आपल्याच बोटानं सोडावा लागतो. व्हिडिओ शंभर वेळा पाहिला तरी ते बोटात येत नाही.

तीच गोष्ट एआयची. असाइनमेंट दोन मिनिटांत तयार होते, आणि वर्गातल्या वीस जणांची एकसारखी होते. मी एआयच्या विरोधात नाही. अवघड इंग्रजी उतारा सोपा करून घ्यायला ते चांगलं आहे. फक्त चुकीची गोष्टही ते तितक्याच ठामपणे सांगतं. त्यावर माझा एक साधा उपाय आहे. आधी आपल्याला पक्की माहीत असलेली गोष्ट विचारायची. आपल्या पद्मालयाला एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या सोंडेचा. हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अशा ओळखीच्या गोष्टीत ते किती अडखळतं ते बघायचं, आणि मग अनोळखी गोष्टीत किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचं.

आता तुमची बाजू. मी खरं तर याच मुद्द्यासाठी उभी राहिले आहे.

मोबाईलचे दुष्परिणाम म्हटलं की सगळे आम्हा पोरांकडे बघतात. पण आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर सर्वांत जास्त फॉरवर्ड कोण करतं? मी नावं घेत नाही, सगळे इथेच बसलेत! 'तातडीनं सर्व ग्रुपवर पाठवा', 'डॉक्टरांनी सांगितलं आहे', 'मूल पळवणारी टोळी आली आहे'. शेवटच्या मेसेजवर मला हसू येत नाही. कारण तो मेसेज आपल्या खान्देशात माणसं मारून गेला आहे.

आपल्या एरंडोलवरून जाणारा हाच महामार्ग पुढे धुळ्याहून साक्रीकडे जातो. साक्री तालुक्यात, पिंपळनेर भागात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. त्या दिवसांत मूल पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळीकडे फिरत होते. ते एका लहान मुलीशी बोलताना दिसले, असं तेव्हा पेपरात आलं होतं. कोणीतरी संशय घेतला, जमाव जमला, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ते मूल पळवणारे नव्हते. पाच घरांतली कर्ती माणसं एका खोट्या मेसेजपायी गेली.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर आपल्या देशातलाही नव्हता. तो पाकिस्तानात, कराचीत तयार झालेला, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करणारा व्हिडिओ होता. त्यात मोटारसायकलवरचे दोघं मुलाला उचलतात, मग परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा खरा म्हणून सोडून दिला. शेवट कापला की जागृतीची अफवा होते.

यानंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपनं 'फॉरवर्डेड' ही खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. म्हणून मेसेजवर दोन बाण दिसले तर समजायचं, हा लिहिणारा कोण हे पाठवणाऱ्यालाही माहीत नाही. पण व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाहीत. म्हणजे मधे अडवणारा पोलीस तिथे नाही. तिथला पोलीस म्हणजे आपला अंगठा. त्याला जरा थांबायला शिकवायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

आणि गंमत बघा, ग्रुप ही काही आमच्या पिढीची कल्पना नाही. इथून जवळ अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढलं. मुलांचा ग्रुप आणि ॲडमिन साने गुरुजी! पण त्या दैनिकातला शब्द न् शब्द लिहिणाऱ्याच्या हाताखालून जायचा. खाली जबाबदार माणूस होता. आमच्या ग्रुपवर 'आलेलं पाठवलं' एवढं म्हटलं की सगळे मोकळे. मला वाटतं तंत्रज्ञान जुनं-नवं असण्यापेक्षा हा फरक मोठा आहे.

नुसत्या तक्रारी करून खाली बसणं बरं दिसत नाही. म्हणून आम्ही सोसायटीतल्या कॉलेजच्या मुला-मुलींनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. चेअरमन काकांनी परवानगी द्यावी.

पहिली, सोसायटीच्या ग्रुपवर भीती घालणारा कुठलाही मेसेज आला तर तो पुढे पाठवण्याआधी आमच्यापैकी कोणालाही दाखवा. फोटो जुना आहे का, दुसरीकडचा आहे का, हे आम्ही शोधून सांगू.

दुसरी, दर रविवारी सकाळी एक तास आम्ही सोसायटीच्या ओट्यावर बसू. पेन्शनर आजोबा-आजींचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, यूपीआय, एसटीचं आरक्षण, जे अडेल ते करून देऊ. पण ओटीपी आम्हालाही सांगायचा नाही, स्वतः टाकायचा! लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली तर उघडायची नाही. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही, फोन सरळ ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर लाजून घरात बसायचं नाही, लगेच १९३० वर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाचण्याची शक्यता जास्त.

तिसरी, सूचना फलकाशेजारी महिन्यातून एकदा हातानं लिहिलेलं भित्तिपत्रक लावू. त्यात तुम्ही लिहायचं. हा प्लॉट कसा घेतला, पहिल्या वर्षी पाणी कुठून आणलं, हप्ते कसे फेडले. हे गुगलवर नाही आणि कुठल्या एआयलाही माहीत नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे.

आणि एक शेवटचं. वार्षिक सभेच्या नोटिशीला ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात, पण सभेला कोरम होत नाही, असं आमच्या घरी दरवर्षी ऐकते. काका-काकू, आम्ही रील थोडी कमी करतो, तुम्ही सभेला या!

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला पाणी आणि पार्किंगचा हिशोब द्यायला आमच्यापैकीच कोणीतरी या व्यासपीठावर असेल. तोवर आम्हाला सांभाळून घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र!